विशेष वर्गाची फी: गरजूंना माफ करावी की सगळ्यांचीच काढून टाकावी?

प्रश्न थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. त्यांची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे. घरी शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा व्यवसाय. शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी दोन वर्षांपासून 'विशेष वर्ग' चालतो: संगणक, इंग्रजी बोलणं आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. रोज शेवटच्या तासाला, महिना ३५० रुपये. या तीन इयत्तांत ११० मुलं आहेत, विशेष वर्गात मात्र तीसच. चालू संगणक दहा. जमा पैशातून बाहेरून येणाऱ्या शिक्षिकेला सात हजार मानधन मिळतं, उरलेलं दुरुस्ती आणि सराव प्रश्नपत्रिकांवर जातं. नव्या मोठ्या बाईंनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे प्रस्ताव ठेवलाय की जूनपासून फी बंद करून वर्ग सगळ्यांना खुला करावा. पत्र लिहिणाऱ्या ताई या समितीवर आहेत. फी भरणारे पालक नाराज आहेत. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, गर्दीत आमच्या मुलांचं नुकसान होईल, ज्याला खरंच गरज आहे त्याने अर्ज करावा, असं त्यांचं म्हणणं. आणि ताईंनाही ते बरंचसं पटतं. पण शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्यांची मुलगी ही ताईंच्या मुलीची जिवलग मैत्रीण. शेवटच्या तासाला ती व्हरांड्यात बसून राहते, दोघी मिळून घरी येतात. अक्कांना फीमाफीचा अर्ज करा म्हणून दोनदा सांगितलं, त्यांनी दोन्ही वेळा विषय बदलला. "मी हात कुणाच्या बाजूने वर करू? आणि माझ्या मुलीचा विचार आधी केला तर मी स्वार्थी ठरते का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आपल्या लेकीचा विचार आधी करणं हा स्वार्थ नव्हे. गणवेशाच्या धंद्यात शाळा उघडायच्या आधीचे काही महिने मशीनला उसंत नसते आणि पुढे उधारी वसूल करण्यात दिवस जातात. अशा घरातून दर महिन्याला साडेतीनशे रुपये न चुकता काढणं ही साधी गोष्ट नाही. ते तुम्ही केलंत, त्याबद्दल कुणी तुम्हाला खाली मान घालायला लावू नये. पण एक गोष्ट मला दिसली, ती सांगते. पत्रात स्वतःच्या मुलीबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि व्हरांड्यात बसणाऱ्या मुलीबद्दल दीड पान. तुमचा कल कुठे आहे ते तुम्हाला आतून ठाऊक आहे. अडतंय ते काही समजुतींपाशी, म्हणून त्या एकेक करून तपासू.

सगळ्यात पहिली समजूत अशी की, माफीची सोय ठेवली म्हणजे वाट मोकळी झाली. ज्याला गरज असेल तो येईल. अक्का आल्या नाहीत. का आल्या नसतील, याचा माग काढून पाहा.

अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आधी कागदपत्रं जमवायची, सेतूत जायचं, रांगेत उभं राहायचं, एखादा कागद कमी पडला की पुन्हा जायचं. विडीची मजुरी हजारावर मिळते. ज्या दिवशी हात चालला नाही त्या दिवशी पैसे नाहीत, आणि कारखान्यात माल द्यायची वेळ चुकली तर तेही नुकसान. त्यातून घरात तेलुगू बोललं जातं. मराठी बोलता येतं, पण मराठीत अर्ज भरायचा तर कुणाला तरी विचारावं लागतं. हे सगळं केल्यावर तो अर्ज जाणार कुठे? समितीपुढे. समितीवर कोण? तुम्ही. ज्या शेजारणीकडून कढीपत्ता मागून न्यायचा, तिच्यासमोर आपली मिळकत कागदावर मांडायची आणि ती बरोबर धरली जाते की नाही याची वाट बघायची. अक्कांनी विषय बदलला तो अनास्थेने नव्हे. मुलीला वर्गात 'माफीवाली' म्हणून ओळखलं जाऊ नये, एवढंच कदाचित त्यांना हवं असेल. आणि अर्ज आला नाही की आपण म्हणतो, गरज नसेल. इथे आपली फार मोठी चूक होते. अशी माफी नेमकी त्याच घरांना बाहेर ठेवते ज्यांच्यासाठी ती काढलेली असते.

तुमच्या व्यवसायातलंच उदाहरण घ्या. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून मोफत गणवेश मिळायचा तो सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. बाकीची मुलं त्याच बाकावर बसून बघत राहायची, आणि त्यात रेषेच्या जेमतेम वर असलेल्या घरांतली कितीतरी मुलं असायची. २०२३-२४ पासून राज्याने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना गणवेश द्यायचं ठरवलं. पुढे कापड, माप आणि वेळ यांवरून तक्रारी झाल्या, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. पण कोण पात्र आणि कोण अपात्र, हा वर्गात उभा राहणारा प्रश्न संपला.

दुपारच्या खिचडीचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. तुमची मुलगी आणि अक्कांची मुलगी एकाच पंगतीत जेवतात. मग शेवटच्या तासालाच दोघींच्या वाटा वेगळ्या का व्हाव्यात?

आता 'फुकटची किंमत राहत नाही' याबद्दल. हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्याला पुरावा मागायचं सुचतच नाही. पण ते तपासून पाहिलं गेलं आहे, आणि तेही शाळांत. पश्चिम केनियात प्राथमिक शाळांमधून मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या जात. काही शाळांत त्या मोफत राहिल्या, काही शाळांत पालकांकडून खर्चाचा थोडासा वाटा घेतला. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडलेले आकडे असे: मोफत असताना सुमारे ७५ टक्के मुलं गोळ्या घेत होती, थोडे पैसे लावल्यावर १८ टक्के. ज्यांना जास्त गरज ती मुलं निवडून आली असंही झालं नाही; मुलं नुसतीच गळाली. तिथेच मच्छरदाण्यांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, फुकट मिळालेली मच्छरदाणी लोक कमी वापरतात असं आढळलं नाही. शिकवणी म्हणजे गोळी नव्हे, हे मान्य. पण 'थोडे तरी पैसे घ्या म्हणजे कळकळ राहते' या म्हणण्याला आधार फार कच्चा आहे, आणि थोड्या पैशाने दार बंद होतं याला आधार पक्का आहे.

शिवाय किंमत कळणं म्हणजे काय? वर्गात यावं, मन लावावं, घरी जाऊन सराव करावा. हे शिक्षकामुळे घडतं, पावतीमुळे नाही. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा पाहा. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ती कुठली फी घेणारी खास शाळा नव्हती. गावच्या मुलांची सरकारी शाळा होती.

गर्दीची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे आणि तिचा हिशोब मांडायला हवा. तो मोठ्या बाईंनी मांडला नसेल तर त्यांच्याकडे मागा.

आज तीस मुलं आणि दहा संगणक, म्हणजे एका संगणकामागे तीन मुलं. तुमच्या पत्रावरून आठवड्यातल्या पाच तासांपैकी संगणकाला दोनच मिळतात. समजा, पाचवी, सहावी, सातवीच्या प्रत्येक वर्गाचे दोन गट केले. अठरा-एकोणीस मुलांचा एक गट, असे सहा गट. प्रत्येक गटाला आठवड्यात दोन तासिका दिल्या तर एकूण बारा तासिका होतात, म्हणजे सहा दिवस रोज दोन. आणि एका संगणकापुढे दोन मुलं बसतात. म्हणजे तुमच्या मुलीचा संगणकाचा वेळ तेवढाच राहतो आणि हाताला माउस जास्त वेळ मिळतो. अर्धा वर्ग संगणकावर असताना उरलेला अर्धा वर्गशिक्षकांसोबत शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता किंवा गणित करू शकतो. अठरा मुलांना शिकवायची संधी आपल्या शिक्षकांना एरवी मिळतच नाही.

नुकसान होईल ते इंग्रजीत. आज बाहेरच्या बाई तीस मुलांना इंग्रजी बोलायला लावतात. त्यांचा वेळ संगणकाच्या बारा तासिकांत गेला तर इंग्रजीची जबाबदारी वर्गशिक्षकांवर येईल, आणि सगळ्यांना ती सारखी जमेलच असं नाही. हे तुम्ही समितीत स्पष्ट बोला. बाहेरच्या बाईंनी दर शनिवारी शिक्षकांसोबत बसून पुढच्या आठवड्याच्या संवादांची तयारी करून द्यावी, असं एक मला सुचतं. तुम्हाला वेगळं काही सुचेल. पण नुकसान कुठे आणि किती, हे नेमकं कळलं की भीती आटोक्यात येते आणि नाराज पालकांशी बोलायला काहीतरी हाताशी राहतं.

कुणीतरी सभेत चाचणीचा पर्याय काढेल: फी नको, पण परीक्षा घेऊन हुशार तीस मुलं निवडू. त्याला साथ देऊ नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. ज्यांनी दोन वर्षं फी भरून तयारी केली तीच मुलं त्या चाचणीत वर येणार, आणि व्हरांड्यात राहिलेल्या मुलीला आता पैसे नाहीत याऐवजी डोकं नाही असं सांगितलं जाईल. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या मनातून ते निघायला किती काळ लागतो! नवोदयसारख्या शाळांत निवड परीक्षा असते, तो प्रकार वेगळा आहे. आपल्या महापालिकेच्या शाळेत आधीच प्रवेश मिळालेल्या मुलांमध्ये अशी चाळणी लावायचं कारण नाही.

कायद्याबद्दल थोडं. सहा ते चौदा वयोगटासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की प्राथमिक शिक्षण घेण्यात आणि पूर्ण करण्यात आड येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च मुलावर पडता कामा नये. संगणक हा जादा उपक्रम आहे, असा युक्तिवाद कुणी करेल. पण वर्ग शाळेच्या खोलीत, शाळेच्या वेळेत, वेळापत्रकातल्या शेवटच्या तासाला भरतो आणि ऐंशी मुलं त्या वेळी काहीच शिकत नाहीत, ही परिस्थिती समर्थन करण्यासारखी नाही. कायद्याचा धाक दाखवून सभा जिंकू नका, त्याने पालक दुखावतील. समितीच्या सदस्य म्हणून तुम्हाला मात्र हे ठाऊक असलेलं बरं, कारण उद्या तक्रार झाली तर उत्तर समितीलाच द्यावं लागेल.

आता पैसे. इथे मोठ्या बाईंच्या प्रस्तावावर माझा आक्षेप आहे. तुमच्या पत्रावरून तरी त्यांनी 'फी बंद' एवढंच म्हटलंय, पुढचं नाही. तीस पालक महिन्याला साडेदहा हजार देतात, दहा महिन्यांचे एक लाख पाच हजार. शिक्षिकेच्या तासिका वाढल्या की मानधनही वाढवावं लागेल, त्यांच्या कष्टावर सगळ्यांना मोफत देणं योग्य नाही. महिना बारा हजार धरले तर वर्षाला एक लाख वीस हजार. ११० मुलांत वाटले तर एका मुलामागे वर्षाला अकराशेच्या आत-बाहेर. रक्कम डोंगराएवढी नाही, पण ती कुठून तरी यायला हवी. निधीशिवाय मोफत केलेला वर्ग दिवाळीनंतर बंद पडतो, आणि मग 'बघा, आम्ही म्हणत होतो' असं म्हणायला सगळे मोकळे होतात.

खर्च झेपणार नाही हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हाही खर्चाचा मुद्दा पुढे आला आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते पैशांची सोय लावून. तुमच्या समितीलाही तेवढंच करायचं आहे.

समग्र शिक्षेतून शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ते ५० हजार ठरलेलं आहे. वीज, इंटरनेट, बंद पडलेली उपकरणं, रोजचं साहित्य यांसाठी ते असतं. म्हणजे संगणक दुरुस्तीचा भार तिकडे टाकता येईल. मानधन त्यात बसवायला जाऊ नका, आणि अनुदान वेळेवर पूर्ण हातात पडेल असंही धरून चालू नका.

मानधनासाठी खरा मार्ग शाळा विकास आराखड्यातून जातो. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हा आराखडा व्यवस्थापन समितीनेच करायचा असतो आणि शासनाने किंवा महापालिकेने द्यायच्या अनुदानाचा तो आधार असतो. पुष्कळ शाळांत तो मुख्याध्यापक एकट्याने भरून टाकतात आणि सदस्य सही करतात. या वर्षी तसं होऊ देऊ नका. विशेष वर्ग, तासिका, मानधनाची रक्कम हे सगळं त्यात लिहा आणि ठरावाची प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे पोहोच घेऊन द्या. अंदाजपत्रकात तरतूद व्हायला वेळ लागेल. तोवरच्या पहिल्या वर्षासाठी माजी विद्यार्थी, अक्कलकोट रोडवरचे कारखानदार, गणवेश व्यवसायातले तुमचे ओळखीचे लोक यांच्याकडे जावं लागेल. निदान सहा महिन्यांचे पैसे समितीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय जून उजाडू देऊ नका. ते जमले नाहीत तर संगणकाच्या तासिका कमी करा, पण जे काही सुरू कराल ते ११० मुलांसाठी करा.

आज फी भरणाऱ्या काही पालकांना पुढेही द्यावंसं वाटेल. जरूर द्यावं. मात्र ती देणगी समितीच्या खात्यात, पावती घेऊन, आणि तिचा कुठल्याही मुलाच्या जागेशी संबंध नसावा. देणाऱ्यांची यादी वर्गात लावू नका, मुलांच्या हाती पाकिटं पाठवू नका. गेलेली फी 'ऐच्छिक वर्गणी' या नावाने परत येते, हे अनेक शाळांत घडतं. मुलांना कुणाकडून आले आणि कुणाकडून नाही हे एका आठवड्यात कळतं.

आणि 'आम्ही दोन वर्षं भरले, मग आता यांना फुकट का' असं म्हणणाऱ्यांना रागावू नका. त्यांना सांगा की तुमच्या पैशांवर हा वर्ग शाळेत उभा राहिला, शिक्षिका टिकल्या, संगणक चालू राहिले. आज तो सगळ्यांसाठी मागता येतोय तो तुमच्यामुळेच. हे खरं आहे, आणि आजवर त्यांना कुणी ते म्हटलेलं नसावं.

हेच पत्र दुसऱ्या गावातून, दुसऱ्या शाळेतून मला येऊ शकलं असतं. कुठे क्रीडा प्रशिक्षण असतं, कुठे सेमी-इंग्रजीची तुकडी, कुठे विज्ञानाची प्रयोगशाळा. अशा पालकांनी आधी आपल्या शाळेत बघावं की ज्या वेळी तो उपक्रम चालतो त्या वेळी उरलेली मुलं कुठे असतात. तिथून बोलायला सुरुवात केली तर भांडण कमी होतं.

अक्कांकडे पुन्हा जाल तेव्हा अर्जाचा विषय काढू नका. त्यांना समितीच्या सभेला बोलवा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तुमच्या शाळेत विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या घरातलं समितीवर कोण आहे ते पाहा. सभा सकाळी अकराला ठेवली तर माल द्यायला गेलेली बाई येणार नाही, म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवा. जाता जाता हेही सांगा की विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. मोबाइलवर तो भरून द्यायला तुमची मुलगी आणि त्यांची मुलगी दोघी मिळून बसू शकतील.

म्हणून हात वर करा तो मोठ्या बाईंच्या बाजूने, पण त्यांच्या एका ओळीच्या प्रस्तावावर नाही. ठराव तुम्ही लिहून न्या: पाचवी ते सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विशेष वर्गाच्या तासिका शाळेच्या वेळापत्रकात मिळतील, त्यासाठी फी, वर्गणी, अर्ज किंवा चाचणी नसेल, पहिल्या वर्षाचा खर्च अमुक, तो अमुक ठिकाणाहून, दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर. इतिवृत्तात तो शब्दशः आला आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा, आणि एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक बनायच्या आत त्याची प्रत मोठ्या बाईंच्या हातात द्या.